दोन पडद्यांची बखर

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधल्या काळात दोन-तीन जणांनी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं, त्यांचे आभार. तब्येत उत्तम आहे. फक्त मान दुखत होती, आणि आजचं लिखाण त्या मानेपासूनच सुरू होतं.

घरच्या मंडळींना ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत, शके १८६७ ते १८७७. सगळ्या मोडीत. इतकी वर्षं त्या माळ्यावर लाल रुमालात बांधलेल्या होत्या. दोन वह्यांच्या कडा वाळवीने खाल्ल्या, बाकीच्या शाबूत आहेत. मागच्या दिवाळीत भाच्याने एकेका पानाचे फोटो काढून दिले. मोडी वाचता येणारी घरात मी एकटीच, आणि मीसुद्धा निवृत्तीनंतर वर्गाला जाऊन शिकलेली. आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. तेव्हा ह्या वह्या देवनागरीत उतरवायच्या तर त्या मीच आणि आत्ताच.

घाई मला आहे त्याहून जास्त ताईला आहे. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला सातवीनंतर शाळेतून काढलं, १९५४ साली. मी धाकटी म्हणून बी.ए. झाले, शिक्षिका झाले. घरात कायम सांगितलं गेलं की त्या वर्षी विहिरीच्या वाट्याचा दावा चालू होता, हातात पैसा नव्हता. ताईचा ह्यावर कधी विश्वास बसला नाही, आणि ती कधी बोललीही नाही. वह्यांचे फोटो निघाले तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं, "त्यात छप्पन्न... नाही गं, शके काय असेल, शहात्तर... ती वही आहे का?" आहे.

तर काम असं चालायचं. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात पानाचा फोटो, उजव्या अर्ध्यात टंकलेखन. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं सलग लिहीत जायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे नजर क्षणभर हलली की जागा हरवते. फोटो मोठा करावा तर लिहायला जागा उरत नाही, लिहायची खिडकी मोठी करावी तर फोटो मुंगीएवढा. मग पानं छापून मांडीवर घेऊन बसू लागले. मानेचं कारण ते.

भाचा म्हणाला, "मावशी, तू दुसरा मॉनिटर का नाही जोडत? तुझ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड आहे की!" माझा संगणक म्हणजे त्याचाच जुना, गेम खेळायचा. त्यावर त्याने लिनक्स घालून दिलेलं आहे. लिनक्सची सवय मला २०१४ पासूनची, विंडोज एक्सपीला मिळणारा आधार संपला तेव्हापासूनची. दुरुस्तीच्या दुकानातून बाराशे रुपयांना एक जुना, जवळजवळ चौकोनी मॉनिटर घेतला (वहीच्या उभ्या पानाला तोच बरा) आणि जोडायला बसले. जोडणं सोपं गेलं नाही, त्याची कथा पुढे येईलच. पण शिक्षिकेची खोड अशी की वस्तू अडली की ती आधी कुठून आली हे शोधायला जाते. त्या शोधात जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे.

एका यंत्राला दोन पडदे ही कल्पना लिनक्सहून जुनी आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा त्याबरोबर पडद्यासाठी दोन वेगळी कार्डं मिळत. एक एकरंगी, फक्त अक्षरं दाखवणारं, आणि दुसरं रंगीत, चित्रं काढता येणारं. दोघांच्या स्मृतीच्या जागा वेगळ्या असल्यामुळे दोन्ही कार्डं एकाच यंत्रात, एकमेकांच्या पायात न येता, बसत. आज्ञावली लिहिणारे लोक रंगीत पडद्यावर आपलं काम चालवत आणि एकरंगी पडद्यावर त्यातल्या चुका शोधत बसत.

त्या एकरंगी कार्डाची पुढची गोष्ट मला फार आवडली. त्यात अक्षरं कायमची कोरलेली होती, इंग्रजीची आणि युरोपातल्या भाषांना लागतील तेवढी. वान सुवन्नुकुल नावाच्या थायलंडच्या एका विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. कार्डात थाई अक्षरंच नाहीत! तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळता येईल असं कार्डच त्याने बनवलं. आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके. १९८२ चं हे हर्क्युलिस कार्ड पुढे जगभर विकलं गेलं, आणि घेणाऱ्या बहुतेकांना थाई लिपीशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्या लिपीसाठी कुणीतरी यंत्र उघडून बसलं होतं हे वाचून, मोडीची पानं समोर असताना, मला जरा धीर आला.

आता लिनक्सकडे. लिनक्सवर पडदा रंगवण्याचं काम वर्षानुवर्षं ज्याने केलं त्याचं नाव आहे एक्स. नुसतं एक अक्षर! अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत १९८४ साली बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ह्यांनी ते सुरू केलं. नावामागे गूढ काही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्ही नावाची एक प्रणाली होती, तिच्यावर चालणाऱ्या खिडक्यांच्या व्यवस्थेचं नाव डब्ल्यू, आणि त्यावरून सुचलं म्हणून पुढचं अक्षर एक्स. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली आणि आकडा तिथेच थांबला. आज जे आहे तेही एक्स अकराच.

ह्या एक्सच्या जन्मदात्यांनी एकाहून अधिक पडद्यांचा विचार अगदी सुरुवातीलाच केला होता. त्यांच्या हिशेबी एक माणूस म्हणजे एक कीबोर्ड, एक माऊस आणि पडदे कितीही. प्रत्येक पडद्याला क्रमांक. पहिला कोलन शून्य टिंब शून्य, दुसरा कोलन शून्य टिंब एक. पण दोन पडद्यांच्या मध्ये भिंत होती. माऊसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाई, खिडकी मात्र जात नसे. ज्या पडद्यावर उघडली त्याच पडद्यावर तिचा जन्म आणि मरण. पलीकडे हवी असेल तर बंद करा आणि तिकडे पुन्हा उघडा. शेजारच्या दोन वर्गांत एकच शिक्षिका ये-जा करते, पण ह्या वर्गातला बाक त्या वर्गात न्यायचा नाही, असा काहीसा प्रकार.

ह्या मांडणीला पुढे 'झेफॉड' असं गमतीचं नाव पडलं. डग्लस ॲडम्स ह्या इंग्रज लेखकाच्या विनोदी विज्ञानकथेत झेफॉड बीबलब्रॉक्स नावाचं एक पात्र आहे, त्याला दोन डोकी आहेत. संगणकवाले पडद्याला 'डोकं' म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. आपल्याकडचा असता तर त्याने अग्नी म्हटलं असतं, आपल्या अग्नीलाही दोन मुखं सांगितली आहेत. असो.

ही भिंत नसली तरी चालतं हे मॅकिंटॉशने १९८७ सालीच दाखवलं होतं. मॅकिंटॉश टू ह्या यंत्रात एकाहून अधिक कार्डं बसवली की सगळे पडदे मिळून एकच मोठं टेबल होई. विंडोजमध्ये ही सोय १९९८ साली आली. लिनक्सवाले मात्र अजून वेगळ्याच अडचणीत होते.

लिनक्सचा जन्म १९९१ चा. घरगुती संगणकांवर एक्स चालावं म्हणून १९९२ साली काही स्वयंसेवकांनी एक्सफ्री८६ हा प्रकल्प उभा केला. आधीच्या एक्स३८६ ह्या नावावरची ही कोटी. थ्री म्हणजे तीन, त्याचं केलं फ्री. कोटी बरी आहे, पण फुकट मिळालेल्या त्या गोष्टीला घाम फार गाळावा लागे. त्या काळी कार्डाला मॉनिटर कोणता हे कळत नसे आणि मॉनिटर काही बोलत नसे. तेव्हा मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे बघून माणसाने एक फाइल हाताने लिहायची. त्या फाइलीत 'मोडलाइन' नावाची एक ओळ असे. (मोडी आणि मोडलाइन! मला ते नाव वाचून हसूच आलं.)

ह्या ओळीत काय असतं ते सांगते, कारण पुढे मला ते कामी आलं. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत जाई. फळ्यावर लिहिताना ओळ संपली की हात पुन्हा डावीकडे आणावा लागतो, आणि त्या वेळात खडू फळ्याला टेकलेला नसतो. तसंच हे. झोताला माघारी यायला वेळ द्यावा लागतो, शेवटची ओळ झाली की पुन्हा वर जायला वेळ द्यावा लागतो. ठिपके दिसतात किती, मोजायचे किती, परतीचा इशारा कुठे सुरू आणि कुठे बंद, आणि सेकंदाला एकूण ठिपके किती, हे सगळे आकडे त्या ओळीत. आकडा चुकला तर चित्र फाटे, लोळे, किंवा दिसतच नसे. मॉनिटरच्या कुवतीबाहेरचा आकडा दिला तर मॉनिटर जळू शके. तशी ताकीद त्या काळच्या कागदपत्रांत दिलेली असे. एका मॉनिटरचं हे असं, मग दोन जोडणारा किती हौशी असेल विचार करा. त्यात दोन मॉनिटरना दोन कार्डं लागत.

ह्यावर उपाय १९९४ पासून येऊ लागला. मॉनिटरनेच आपली ओळख सांगावी असं ठरलं. १२८ बाइटचं एक ओळखपत्र मॉनिटरच्या पोटात ठेवायचं, बनवणारा कोण, आकार काय, ठिपके किती झेपतात, आणि कार्डाने विचारलं की केबलीतल्या एका तारेवरून ते धाडायचं. नवा मुलगा वर्गात आला की आधी नाव, गाव, मागची शाळा विचारतो तसं. ते रुळायला अर्थातच काही वर्षं गेली.

भिंत पाडली ती झिनेरामाने. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी पॅनोरॅमिक्स ह्या नावाने ते बनवलं, १९९८ साली ते एक्समध्ये झिनेरामा म्हणून आलं, आणि मार्च २००० मध्ये एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीतून सामान्य लिनक्सवाल्यांच्या हाती पडलं. नाव घेतलं आहे सिनेरामावरून. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा सिनेमाचा प्रकार, तीन प्रोजेक्टर एकदम चालवून एका प्रचंड, वाकवलेल्या पडद्यावर एकच चित्र. त्यातही तीन चित्रांचे सांधे दिसत असत म्हणे, आणि झिनेरामातही सांधे होतेच. सगळ्या पडद्यांची रंगांची खोली सारखी लागे. मांडणी सुरुवातीलाच लिहून ठेवायची, नंतर बदलायची तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं. पण खिडकी ओढून पलीकडे नेता येऊ लागली. अर्धी खिडकी ह्या पडद्यावर, अर्धी त्या पडद्यावर! ज्यांनी ती पहिल्यांदा ओढली असेल त्यांचा आनंद मी समजू शकते, कारण मागच्या महिन्यात मीही पाच मिनिटं तेच करत बसले होते.

त्याच सुमाराला कार्डंही बदलली. मेट्रॉक्स कंपनीचं १९९९ चं जी४०० हे कार्ड आलं, एकाच कार्डाला दोन मॉनिटर लावता येतील असं. पाठोपाठ २००० साली एनव्हिडियाने ट्विनव्ह्यू आणलं. दोन कार्डांची गरज संपली. आणि इथून एक वेगळाच प्रश्न सुरू झाला, जो मला ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो.

त्याआधी एका भांडणाचा उल्लेख करायला हवा, कारण भांडणाशिवाय बखर कसली. २००४ च्या सुरुवातीला एक्सफ्री८६ ने आपल्या परवान्याच्या अटी बदलल्या. बहुतेक लिनक्स वितरणांना त्या पटल्या नाहीत. बरीच मंडळी बाहेर पडली आणि एक्स.ऑर्ग ह्या नव्या घरात गेली. जुनं घर लवकरच ओस पडलं. नव्या घरात कामाला वेग आला, आणि २००७ साली आला रँडआर १.२. रँडआर म्हणजे आकार बदला आणि फिरवा. त्याचा मूळ आराखडा जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड ह्यांचा. गेटिस म्हणजे १९८४ चेच ते. आता चालू संगणकाला दुसरा मॉनिटर जोडता येऊ लागला, कुणाच्या उजवीकडे कोण हे एका ओळीच्या आज्ञेने सांगता येऊ लागलं. हाताने लिहायची ती फाइल बहुतेकांच्या घरातून गेली.

बहुतेकांच्या म्हणाले, सगळ्यांच्या नाही. कारण हे सगळं चालायचं तर कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर लिहायचा तर कार्डाची भाषा माहीत हवी. एनव्हिडियाने लिनक्ससाठी आपला ड्रायव्हर दिला होता, चांगला चालणारा, पण बंद पेटीतला. आत काय लिहिलं आहे ते कुणी वाचायचं नाही. ट्विनव्ह्यूची तऱ्हाही निराळी, ते एक्सला दोन पडदे आहेत हे सांगतच नसे, एकच रुंद पडदा आहे असं भासवे. रँडआर १.२ ची सोय त्यांच्या ड्रायव्हरमध्ये २०१२ साली, म्हणजे पाच वर्षांनी आली. त्याच वर्षी जूनमध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठात लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स ह्यांनी ह्या कंपनीला उद्देशून भर सभेत जे शब्द आणि जो हावभाव केला तो छत्तीस वर्षं मुलांना वळण लावलेल्या बाईला इथे लिहिता येणार नाही. एटीआयचं तसं नव्हतं. ही कंपनी २००६ साली एएमडीने घेतली आणि २००७ पासून कार्डांची माहितीपत्रकं खुली करायला सुरुवात केली. माहिती मिळाली की ड्रायव्हर लिहिणारे लिहितात.

एनव्हिडियाच्या कार्डांची माहिती मिळत नव्हती, तेव्हा २००५-०६ च्या सुमाराला काही लोकांनी ठरवलं, आपणच वाचून काढू. ह्या प्रकल्पाचं नाव नूवो, म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. आधीच्या साध्या ड्रायव्हरचं नाव होतं एनव्ही, गप्पांच्या खिडकीत ती दोन अक्षरं टंकली की सुरुवात करणाऱ्याचा संगणक ती आपोआप 'नूवो' अशी दुरुस्त करी, तेच नाव राहिलं.

वाचून काढलं कसं? इथे मला आमच्या विषयातले जेम्स प्रिन्सेप आठवले. कोलकात्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या ह्या माणसाने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर असंख्य छोटे छोटे लेख आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच दोन अक्षरांनी संपतात हे त्यांच्या लक्षात आलं. देवळात, स्तूपात छोटे लेख कशाचे असणार? देणगीचे. मग शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे. दा आणि नं सापडले, आणि बाकीची अक्षरं त्यांच्या मागून आली. नववीच्या वर्गात हा भाग शिकवताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत.

नूवोवाल्यांनी हेच केलं. बंद ड्रायव्हरला एक अगदी साधं काम सांगायचं, म्हणजे एक त्रिकोण काढ. काम करण्याआधी कार्डाच्या कप्प्यांत काय लिहिलं होतं आणि नंतर काय लिहिलं गेलं ते टिपून घ्यायचं. मग कामात एवढासा बदल करायचा, पुन्हा टिपायचं. जो आकडा बदलला तो त्या बदलाचा. हे टिपण घेणारी एक छोटी आज्ञावली त्यांनी लोकांना दिली. ठिकठिकाणच्या, निरनिराळी कार्डं असलेल्या लोकांनी आपापल्या घरी ती चालवून टिपणं धाडली. ज्यांना ड्रायव्हर लिहिण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीसुद्धा. फेब्रुवारी २०१० मध्ये नूवो लिनक्सच्या मूळ गाभ्यात गेलं. कंपनीने स्वतः आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही २०१८ नंतरच्या कार्डांपुरता.

माझं कार्ड त्याहून बरंच जुनं आहे. ते चालतं ते नूवोवर. कुणीतरी, कुठेतरी, ते कार्ड अक्षर अक्षर लावून वाचलेलं आहे.

आता माझी फजिती. जुन्या मॉनिटरची केबल निळ्या टोकाची. संगणकाच्या पाठीमागे पाहिलं तर वरच्या बाजूला एक निळीच जागा. निळं टोक निळ्या भोकात, अगदी बालवाडीतल्या खेळासारखं बसलं. पडद्यावर 'सिग्नल नाही'. दोन दिवस मी टर्मिनल उघडून आज्ञा देत होते आणि संगणक सांगत होता की एकच पडदा जोडलेला आहे. केबल काढली, फुंकली, पुन्हा लावली. शेवटी मागच्या बाजूचा फोटो काढून भाच्याला धाडला. त्याचा फोन आला, आधी हसला आणि मग म्हणाला, "मावशी, तू ती मदरबोर्डला लावलीयेस! ते वरचं पोर्ट कार्ड बसवलं की बंद असतं. खाली बघ, आडवी पट्टी आहे ना, ते तुझं कार्ड. त्याला लाव." कार्डावर निळी जागाच नाही, पांढरी रुंद आहे. मग एक जोड आणला, पांढऱ्यातून निळा करणारा.

पडदा उजळला! पण अक्षरं फुगलेली आणि पुसट. १०२४ बाय ७६८ ह्याच्या वर जायलाच तयार नाही, आणि मॉनिटर तर १२८० बाय १०२४ चा. कारण मला माझ्या नव्या अभ्यासामुळे भाच्याच्या आधी कळलं, ह्याचा अभिमान वाटला तो लपवत नाही. केबलीचं टोक उलटं करून पाहिलं तर पंधरातल्या तीन पिना नाहीतच. ओळखपत्र ज्या तारेवरून यायचं ती तारच नाही. मॉनिटर मुका, म्हणून संगणकाने अंदाजाने सुरक्षित आकडा धरला. म्हणजे माझ्या टेबलावर १९९३ साल अवतरलं होतं.

नवी केबल आणता आली असती. पण रविवार होता, दुकान बंद, आणि खरं सांगायचं तर मला मोडलाइन लिहून पाहायची होती. आता ती हाताने काढावी लागत नाही, एका आज्ञेला आकार सांगितला की ती आकडे काढून देते. मिळाले ते असे: १०९, मग १२८०, १३६८, १४९६, १७१२, आणि मग १०२४, १०२७, १०३४, १०६३. कागद घेतला आणि ताळा करून पाहिला. दिसणारे ठिपके १२८०, पण मोजायचे १७१२. दिसणाऱ्या ओळी १०२४, मोजायच्या १०६३. गुणाकार १८,१९,८५६. सेकंदाला १०९ दशलक्ष ठिपके, भागिले हे. ५९.९ च्या आसपास. म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र, जुळलं. ह्या मॉनिटरमध्ये झोत नाही, माघारी येणारं काही नाही, तरी माघारी येण्याचा वेळ अजून मोजून दिला जातो. तो नवा आकार संगणकाला सांगितला, दुसऱ्या पडद्याला लावला, पहिल्याच्या डावीकडे ठेव म्हटलं. अक्षरं लख्ख झाली. ही आज्ञा दर वेळी सुरुवातीला आपोआप चालावी अशी सोय भाच्याने नंतर करून दिली.

एक्सचेही दिवस भरत आले आहेत बरं का. २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग ह्यांनी सुरू केलेलं वेलँड आता पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी आलं आहे. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. फेडोराने ते २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये घेतलं, ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूत गनोमसाठी तर तेवढंच उरलं. एका पडद्यावर अक्षर मोठं आणि शेजारच्यावर लहान, असं वेगवेगळं माप त्याला चांगलं जमतं म्हणतात. माझ्याकडे लिनक्स मिंट आहे, तिथे अजून एक्सच चालतं, आणि वह्या पुऱ्या होईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही.

आता डाव्या पडद्यावर आजोबांचं पान, पूर्ण उंचीचं, आणि उजव्यावर माझं देवनागरी. पहिल्या दोन वह्यांना पाच महिने लागले होते. पुढच्या तीन दोन महिन्यांत झाल्या. कापूस, गूळ, बैलाच्या नाला, पंढरीच्या वारीला दिलेले दोन रुपये. ताईच्या पाटीचे चार आणे शके १८६९ मध्ये सापडले, ते तिला वाचून दाखवले तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

भाचा विचारत होता, सरळ शहात्तरची वही का नाही उघडत? एक कारण असं की आजोबांचा हात वर्षावर्षाने बदलत गेला आहे, क्रमाने आलं तरच लागतो. दुसरं कारण त्याला सांगितलं नाही. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मधलं सोडू नकोस गं, सगळं वाच."

ती रोज संध्याकाळी साडेसातला फोन करते आणि विचारते, कुठवर आलीस. काल सांगितलं, एकाहत्तर संपलं.